इंग्रजी येणं आणि इंग्रजी शिकवता येणं

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पदवीनंतर परदेशात शिकवायला जाणाऱ्या मुलामुलींवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. लेख आपुलकीने लिहिलेला होता, पण त्यातलं एक वाक्य मला दोन दिवस डाचत राहिलं. इंग्रजी बऱ्यापैकी बोलता येत असेल तर एखादं वर्ष शिकवण्याच्या निमित्ताने जग बघून यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचं ते होतं. मी त्याच वाटेवर आहे. जुलैच्या अखेरीस मी जपानला जाते आहे, तिथल्या सरकारी शाळांमध्ये सहायक भाषा शिक्षक म्हणून. पत्र थोडं लांबलं आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा, फक्त शिकवण्याच्या सरावाबद्दलचा भाग ठेवावा ही विनंती.

गेल्या वर्षी मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. निकालानंतर पंधरा दिवसांतच आरोग्यविम्याचे दावे तपासणाऱ्या एका कार्यालयात लागले. रुग्णालयातून घरी आल्यावर माणूस कागद पाठवतो, ते स्कॅन होऊन आमच्या स्क्रीनवर येतात. डिस्चार्ज समरी आहे का, मूळ बिलं आहेत का, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या, रद्द केलेला चेक, सगळं जुळतंय का ते पाहायचं. काही कमी असलं की 'क्वेरी' काढायची. क्वेरी गेली की फाइल पेंडिंगमध्ये, उत्तर आलं की पुन्हा रांगेत. दिवसाला किती फाइली हातावेगळ्या झाल्या तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत दिसत असतो. हे काम रुक्ष आहे असं माझ्या मैत्रिणींना वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही, कारण प्रत्येक फाइलीत कुणीतरी आजारी पडून उठलेलं असतं.

क्वेरीचं पत्र छापील मसुद्यातून निघतं. 'आपल्या दाव्यासंदर्भात सादर केलेली कागदपत्रे अपूर्ण असल्याने सदर दावा प्रलंबित ठेवण्यात आला असून आवश्यक दस्तऐवजांची पूर्तता विहित मुदतीत करावी' असं त्यात असतं, आणि खाली कमी असलेल्या कागदाचं नाव, बहुधा संक्षिप्त रूपात. नोकरीला लागून दोन महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "बाई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. पैसे देणार नाही असं म्हणताय का तुम्ही?" मी पत्रातलंच वाक्य त्यांना वाचून दाखवलं, जरा सावकाश. ते म्हणाले, "ते मी वाचलं हो. मी आता करू काय, ते सांगा."

मी गप्प झाले. मग फाइल उघडून नीट पाहिली आणि म्हणाले, "काका, औषधांचं बिल आलंय. पण डॉक्टरांनी ती औषधं लिहून दिली होती ना, ती चिठ्ठी आलेली नाही. तेवढी चिठ्ठी शोधा. बाकी सगळं मिळालंय."

पलीकडून प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज येत राहिला. ते पिशवीतले कागद एकेक करून बाहेर काढत असावेत. मग म्हणाले, "ही काय. सापडली." फोन चालू असतानाच सापडली! तीन आठवडे ती त्यांच्याच पिशवीत होती आणि आमच्या पत्राने त्यांना ती शोधायला सांगितलेलंच नव्हतं.

एखादी गोष्ट सावकाश सांगितली म्हणजे ती सोपी होत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. अवघड वाक्य हळू वाचलं तरी ते अवघडच राहतं. त्या दिवसापासून मी टेबलाच्या खणात एक वही ठेवली. डाव्या पानावर पत्रातलं वाक्य लिहायचं आणि उजव्या पानावर तेच वाक्य फोनवर कसं सांगितलं की माणसाला कळतं, ते. छापील मसुदा बदलायचा अधिकार मला नव्हता, वरिष्ठांनाही नव्हता, आणि त्याची कारणंही मला पटतात. पण वहीची बातमी आमच्या सरांपर्यंत गेली आणि नव्याने लागणारी मुलं त्यांनी माझ्या शेजारी बसवायला सुरुवात केली.

शिकवणं म्हणजे काय याची पहिली चव मला तिथे मिळाली, आणि पहिली ठेचही तिथेच लागली. मी एका नव्या मुलीला सलग चाळीस मिनिटं समजावलं. अधूनमधून विचारत होते, "समजलं का?" ती दर वेळी "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने काढलेल्या नऊ क्वेऱ्यांपैकी सहा चुकीच्या निघाल्या. दोष तिचा नव्हता. नवीन नोकरीत, वरिष्ठाच्या शेजारी बसून "नाही समजलं" म्हणायची हिंमत कोण करेल? त्यानंतर मी तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. त्याऐवजी एक फाइल समोर ठेवायची आणि विचारायचं, "या बिलावर तारीख आहे आठची, डिस्चार्ज झालाय सहाला. तू काय करशील?" उत्तरावरून लगेच कळायचं, कुठे अडलंय ते.

पुढे शिकवण्याचा अभ्यासक्रम केला तेव्हा या युक्तीला नाव आहे हे समजलं. इंग्रजी शिकवणारे तिला 'कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन' म्हणतात, बोलताना नुसतं 'सीसीक्यू'. वर्गात 'कळलं का' असं विचारू नका, कळल्याशिवाय ज्याचं उत्तर देता येणार नाही असा छोटा प्रश्न विचारा. मला ते वाचून फार बरं वाटलं. ज्या नोकरीला घरचे 'टाइमपास' म्हणत होते, तिने मला माझ्या पुढच्या कामाचा एक धडा आधीच देऊन ठेवला होता.

आता जपानबद्दल. मी जपान सरकारच्या ज्या कार्यक्रमातून जाते आहे तो 'जेट' या नावाने ओळखला जातो. तो १९८७ मध्ये सुरू झाला, पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण गेले होते. त्यातल्या शिकवणाऱ्यांना तिथे 'एएलटी' म्हणतात, म्हणजे सहायक भाषा शिक्षक. करार एका वर्षाचा असतो, दोन्ही बाजू राजी असतील तर वाढत वाढत पाच वर्षांपर्यंत जातो. पदवी लागते. पण शिक्षणशास्त्राची पदवी, शिकवण्याचा परवाना किंवा अनुभव असलाच पाहिजे असं नाही, आणि माझ्या या पत्राचं कारण नेमकं तेच आहे.

माझा अर्ज गेल्या वर्षीच्या शेवटी गेला. दूतावासातल्या मुलाखतीत मला सांगितलं, आम्ही तिघं तिसरीतली मुलं आहोत असं समजा आणि काहीतरी शिकवा. मी समोरचं पेन उचललं आणि ते पुस्तकावर, पुस्तकाखाली, पुस्तकामागे ठेवत 'ऑन', 'अंडर', 'बिहाइंड' शिकवलं. तीन मिनिटांत मी किती बोलले असेन! परीक्षकांपैकी एकीने शेवटी शांतपणे विचारलं, "या तीन मिनिटांत मुलांनी किती शब्द उच्चारले?" मुलं एकही शब्द बोलली नव्हती. निवड झाली खरी, पण तो प्रश्न माझ्या मागे लागला.

घरच्यांची प्रतिक्रिया बहुतेक घरांत असते तशीच होती. बाबांना काळजी नोकरीची. पगार वेळेवर येतो, भविष्य निर्वाह निधी सुरू झालाय, दोन वर्षांत वरची जागा मिळेल, परत आल्यावर काय करणार? ही काळजी रास्त आहे आणि तिचं उत्तर मी त्यांना दिलं आहे: परत येऊन बी.एड. करणार. सहायक शिक्षकाचा अनुभव म्हणजे शिक्षकाची पात्रता नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. मामांनी आधी 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' ऐकवलं आणि मग एक प्रश्न विचारला, जो मला जास्त लागला. "इंग्रजी काय तुझी मातृभाषा आहे? ती मुलं तुझ्याकडून कशाला शिकतील?"

मामांवर माझा राग नाही. हा प्रश्न जगभर विचारला जातो, आणि अनेक देश व्हिसाचे नियमच असे करतात की इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोजक्या देशांचेच नागरिक तिथे शिकवू शकतील. पण यावर अभ्यासकांनी फार पूर्वीच विचार केलेला आहे. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका असे देश, बाहेरच्या वर्तुळात आपल्यासारखे, जिथे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून रुजली, आणि त्यापलीकडे पसरत जाणारं वर्तुळ, जपान त्यात येतं. या सगळ्या वर्तुळांतली इंग्रजी ही इंग्रजीच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये तर स्पष्टच लिहिलं की मातृभाषक हाच आदर्श शिक्षक, ही समजूत चुकीची आहे.

मी मराठी माध्यमात शिकले. इंग्रजीत 'अ' आणि 'द' कुठे लावायचे हे मला कुणीतरी शिकवावं लागलं, कारण मराठीत ते नाहीतच. जपानीतही ते नाहीत. जपानी मूल 'आय हॅव बुक' म्हणालं तर ते तसं का म्हणालं हे मला समजतं, कारण सातवीपर्यंत मीही तेच म्हणत होते. वाक्याची रचना बघा. 'मी शाळेत जाते' हे जपानीत 'वाताशी वा गाक्को नि इकिमासु'. मी, शाळा, मग आपल्या 'त'सारखा 'नि', आणि शेवटी क्रियापद. इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्येच येतं, तेव्हा त्या मुलांच्या डोक्यात जी उलथापालथ होते तीच माझ्याही डोक्यात झाली होती. इंग्लंडमध्ये वाढलेल्या शिक्षकाला ही अडचण पुस्तकात वाचावी लागते.

उच्चारांचंही तसंच. जपानीत बहुतेक अक्षरं स्वरान्त असतात, त्यामुळे जोडाक्षर आलं की मध्ये स्वर घुसतो. 'मिल्क'चं 'मिरुकु' होतं, 'ख्रिसमस'चं 'कुरिसुमासु'. लोक याला हसतात. आपण ग्लासचा गिलास केला, स्कूलचं इस्कूल केलं, ते याच कारणाने. जीभ आपल्या घरच्या वाटेने चालते. हे ज्याला स्वतःच्या भाषेतून कळलंय तो मुलांना हसणार नाही, आणि ती सवय सोडवायची कशी हेही त्याला सुचेल.

जपानी लिपी शिकायला बसले तेव्हा तर मी थक्क झाले. त्यांच्या अक्षरतक्त्यात स्वर येतात आ, इ, उ, ए, ओ या क्रमाने. मग ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं ना? आपल्या बाराखडीचाच सांगाडा आहे तो. क-वर्गाने सुरुवात, च-वर्गाच्या जागी स, मग त आणि न, आणि प-वर्गाच्या जागी ह, कारण तो उच्चार पूर्वी 'प' होता असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून हा क्रम तिकडे गेला. इ.स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू जपानला पोहोचले, नारा इथे राहून त्यांनी संस्कृत शिकवली आणि ७५२ मध्ये तिथल्या महाबुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्यांच्या हातून झाला. मामांना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे शिकवायला जाणारी तू पहिली नाहीस तर." त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तेव्हा मातृभाषा हा मुद्दा माझ्यापुरता संपला आहे. खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि त्यावर आपल्या लेखात एक ओळही नव्हती.

जपानमध्ये एप्रिल २०२० पासून प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तासांचे भाषेचे उपक्रम. एक तास ४५ मिनिटांचा. प्राथमिकला बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षकच इंग्रजी घेतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांचं प्रशिक्षण इंग्रजी शिकवण्यासाठी झालेलंच नाही. अशा वर्गात एएलटी जातो. कागदावर तो सहायक असतो, पण प्रत्यक्षात कधी त्याला नुसतं शब्द वाचून दाखवायला उभं करतात, तर कधी अख्खा तास त्याच्या हाती सोपवतात. तिकडे जाऊन आलेल्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, 'एव्हरी सिच्युएशन इज डिफरंट'. नुसतं 'ईएसआयडी' म्हटलं तरी एकमेकांना कळतं. म्हणजे तुमच्या वाट्याला काय येईल ते आधी सांगता येत नाही. समजा अख्खा तास वाट्याला आला आणि समोर तीस मुलं आहेत, तर नुसतं अस्खलित बोलता येणारा पदवीधर काय करणार? आठवड्यातल्या त्या दोन तासांवर एखाद्या मुलाची इंग्रजीशी दोस्ती होणार की भीती बसणार, हे ठरत असतं. तिथे कुणाच्या भटकंतीचं वर्ष उपयोगाचं नाही.

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. निवड झाल्यावर आधी मी ऑनलाइन १२० तासांचा अभ्यासक्रम केला. रोज कामावरून आल्यावर व्हिडिओ, प्रश्नपत्रिका, निबंध. सीसीक्यूसारख्या गोष्टी त्यात खरोखर शिकायला मिळाल्या. शेवटी प्रमाणपत्रही मिळालं. पण त्या १२० तासांत मी एकाही विद्यार्थ्यासमोर उभी राहिले नाही. 'सेल्टा' नावाचा केंब्रिजचा अभ्यासक्रम आहे, तोही साधारण १२० तासांचाच, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे बसून प्रशिक्षक ते पाहतात, नंतर चुका दाखवतात. तो मला परवडण्याजोगा नव्हता. दोन्ही प्रमाणपत्रांवर तासांचा आकडा सारखाच दिसतो. कृपा करून आपल्या करिअरच्या पानावर हा फरक एकदा ठळकपणे छापा.

मग मी शेजारपाजारची सहा मुलं गोळा केली, तिसरी ते पाचवीतली. दर रविवारी सकाळी अर्धा तास. पहिल्या दिवशी फोन कोपऱ्यात ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि रात्री घड्याळ लावून ऐकला. तीस मिनिटांपैकी बावीस मिनिटं मी बोलत होते. चार मिनिटं वह्या काढणं, जागेवर बसणं. उरलेल्या चार मिनिटांत सहा मुलं. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा नाही, आणि तेही माझ्यामागून एका सुरात म्हटलेलं. दूतावासातल्या त्या बाईंचा प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

मार्ग सापडला तो आपल्याच देशात झालेल्या एका प्रयोगात. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रकल्प चालवला, त्याला बंगळूर प्रकल्प म्हणतात. मोठे वर्ग, बेताची साधनं. व्याकरणाचे नियम शिकवण्याऐवजी मुलांना सोडवायला कामं द्यायची: वेळापत्रक बघून गाडी शोधा, नकाशावरून रस्ता सांगा. लक्ष अर्थाकडे असलं की भाषेची घडण आपोआप मनात बसत जाते, हा त्यामागचा विचार. आज जगभर ज्याला टास्कवर आधारित अध्यापन म्हणतात, त्याच्या इतिहासात या प्रकल्पाचं नाव घ्यावंच लागतं. इंग्रजीच्या पदवीच्या तीन वर्षांत मी शेक्सपिअर शिकले, कवितांचे अलंकार शिकले, पण प्रभूंचं नाव एकदाही ऐकलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसऱ्या रविवारी मी मुलांच्या जोड्या केल्या, पाठीला पाठ लावून बसवलं. एकाच्या हातात नकाशा, त्यात एका घरावर फुली. दुसऱ्याच्या हातात तोच नकाशा, पण फुली नसलेला. इंग्रजीत बोलून फुलीपर्यंत पोहोचवायचं. चौथीतली एक मुलगी, जी दोन रविवार तोंड उघडत नव्हती, ती ओरडली, "नो! नो लेफ्ट! बँक आफ्टर लेफ्ट!" व्याकरणाने बघाल तर वाक्य मोडकं आहे. पण तिला एक गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यात पोहोचवायची होती आणि त्यासाठी तिने इंग्रजी वापरली. तिचा जोडीदार वळला, फुली बरोबर घरावर पडली. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये मी सात मिनिटं बोलले होते.

हे सगळं मला स्वतःच्या हिमतीवर, शेजाऱ्यांच्या मुलांवर करावं लागलं. असं का असावं? भाषा विषय घेऊन पदवीला बसलेल्या मुलाला शेवटच्या वर्षी एखाद्या शाळेत दहा तास शिकवायला लावणं, मागे बसून पाहणारा एक अनुभवी शिक्षक देणं, आणि शेवटी त्याच्याशी अर्धा तास बोलणं, एवढं विद्यापीठांना अशक्य आहे का? परदेशी न जाणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल. माझ्या कार्यालयात नव्या माणसाला काम समजावून सांगता येत नाही म्हणून किती वेळ वाया जातो ते मी रोज बघते.

आणखी एक, जाणाऱ्यांसाठी. जेटच्या आधी मला एका एजंटने वेगळ्याच देशात नोकरी देऊ केली होती. पर्यटक व्हिसावर या, तिथे पोहोचल्यावर कामाचा करून देऊ, मूळ प्रमाणपत्रं आधी आमच्याकडे जमा करा, असं सांगितलं. मी फोन ठेवला. पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा असतं आणि पकडलं गेलं तर परत पाठवणी कर्मचाऱ्याची होते, एजंटाची नव्हे. जपानमध्येही जेटबाहेर कंपन्यांमार्फत शाळांत जाणारे शिक्षक बरेच आहेत. तो मार्ग वाईटच असं मी म्हणत नाही, पण सही करण्याआधी बघा: करार शाळेच्या शिक्षण मंडळाशी आहे की मधल्या कंपनीशी, सुट्टीच्या महिन्यांत पूर्ण पगार मिळणार की नाही, आरोग्यविमा कोण भरणार. सरकारी शाळेसाठी निवास परवान्याचा वर्ग वेगळा असतो आणि खासगी भाषावर्गासाठी वेगळा, तेही तपासा. दावे तपासण्याच्या नोकरीने मला बारीक अक्षरातलं वाचायची सवय लावली, ती इथे कामी आली.

मला शिमाने प्रांत मिळाला आहे. लोकसंख्येने जपानमधल्या सर्वांत लहान प्रांतांपैकी एक, समुद्राकाठचा. त्याच प्रांतातल्या मात्सुए गावी १८९० मध्ये लेखक लाफकादिओ हर्न इंग्रजी शिकवायला आले होते आणि पुढे १८९६ मध्ये जपानचे नागरिक झाले. मला दोन प्राथमिक शाळा आणि एक माध्यमिक शाळा आहे एवढं कळलंय. कार्यालयातला माझा शेवटचा दिवस जुलैच्या मध्यावर आहे. वही मी माझ्या जागी येणाऱ्या मुलीला देऊन जाणार आहे. ती आता एकशे दहा पानांची झाली आहे.

पहिल्या तासाला नव्या शिक्षकाने स्वतःची ओळख करून द्यायची असते, त्याला तिथे 'जिकोशोकाई' म्हणतात. बहुतेक जण फोटो दाखवत बोलत राहतात असं ऐकलं. मी सहा वाक्यं तयार केली आहेत, त्यातली दोन खोटी. खोटी कुठली ते मुलांनी मला प्रश्न विचारून शोधायचं. रविवारच्या मुलांवर दोनदा करून पाहिलं. प्रश्न विचारायला मुलं आधी बुजतात, पहिला प्रश्न यायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात मीच बोलून टाकते. तो पहिला प्रश्न मुलांकडून कसा काढून घ्यायचा, हे आपल्या वाचकांपैकी वर्षानुवर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षिकांना नक्की माहीत असेल. त्यांनी याच सदरातून लिहावं. जुलैच्या अखेरपर्यंत मी अंक रोज बघणार आहे.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)